जबड्यातला कोनाडा

आमचे सर रस्त्यात भेटले तर ओळख देत नसत. त्यात शिष्टपणा मुळीच नव्हता. चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नसत. जळगाव स्टेशनाबाहेर आपण नमस्कार केला की ते थांबायचे, आपल्या कानाखाली जिथं जबडा वळतो तिथं चष्म्यातून रोखून बघायचे आणि म्हणायचे, "अहो, काहीतरी बोला." आपण दोन शब्द बोललो, जबडा हलला, की त्यांना ओळख पटायची. "हां. तुम्ही डावी अक्कलदाढ आडवी असलेल्या." डेंटल कॉलेजची माझी सगळी वर्षं याच नावानं गेली. माझं खरं नाव त्यांनी निकालाच्या दिवशी वाचलं असावं.

सर आम्हाला दातांचे एक्स-रे शिकवत. राहायला धुळ्याला, नोकरी जळगावला. पारोळा-एरंडोलमार्गे एसटीनं रोज येणं-जाणं. बसमध्ये ते खिडकीशी बसत आणि शर्टाच्या खिशातून छोट्या छोट्या फिल्म काढून आभाळासमोर धरत. शेजारी बसलेला खेडूत विचारायचा, "काय शे हाई?" सर फिल्म त्याच्या हातात देत आणि एरंडोल येईपर्यंत त्याला जबड्याचं हाड समजावून सांगत. बस हलायची, फिल्म खाली पडायची, मग दोघंही सीटखाली वाकून शोधायचे. एकदा कंडक्टरनं तिकिटांच्या पेटीतून फिल्म काढून परत केली होती आणि वर विचारलं होतं, "साहेब, या बाईची दाढ काढली का शेवटी?"

मी दोंडाईच्याची. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. माझे वडील, त्यांना आम्ही आणि सगळा बाजार आबा म्हणतो, मिरचीच्या लिलावात बोली पुकारत. बाजार समितीच्या आवारात लाल मिरचीचे ढीग लागलेले असायचे, आबा एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे चालायचे, मागे व्यापाऱ्यांचा घोळका, आणि आबांच्या तोंडून आकडा असा सुटायचा की स्टेशनावर गाडीची वाट बघणाऱ्यालाही आजचा भाव कळावा. मिरचीच्या खकाण्यात दुसरा माणूस खोकून बेजार व्हायचा. आबांचा आवाज कधी फाटला नाही. आई म्हणायची, "घरमा तरी जरा हळू बोला, मी काही दहाव्या ढीगवर उभी नही शे."

अशा घरातून मी मराठी शाळेतलं इंग्रजी घेऊन कॉलेजला आले. पहिल्या आठवड्यात सरांनी एक फिल्म माझ्या हातात दिली आणि विचारलं, "अहो डॉक्टर, काय दिसतं?" मला आयुष्यात तोवर कुणी "अहो" म्हटलेलं नव्हतं आणि डॉक्टर व्हायला तर अजून बराच अवकाश होता. मी घाबरून पुस्तकातले इंग्रजी शब्द आठवायला लागले. सर म्हणाले, "आधी मराठीत बघा. इंग्रजीत नंतर लिहू." मग मी म्हटलं, बाहेर पांढरी कड आहे, आत जाळी आहे, जाळीतून एक नळी गेली आहे. "बरोबर," सर म्हणाले. "कड, जाळी, नळी. जबड्यात एवढंच असतं. बाकी ज्याचं लोक कौतुक करतात ते दात. ते भाडेकरू. आज आहेत, उद्या नाहीत. घर जबड्याचं."

दातांबद्दल त्यांना फारसं ममत्व नव्हतं, हे दातांच्या डॉक्टरच्या बाबतीत जरा विचित्रच. पेशंट दाढ दाखवायला यायचा आणि सर तिच्या खालचं हाड बघत बसायचे. हाडाची जाळी कुठं दाट आहे, कुठं विरळ आहे, खालची कड किती जाड आहे, बाळंतपणं झालेल्या बाईची कड कशी असते, म्हातारपणी ती कशी झिजते, याचा अभ्यास त्यांनी कुणी सांगितलेलं नसताना चालवला होता. फिल्मवर बटर पेपर ठेवून ते टोकदार पेन्सिलीनं जाळी उतरवून घेत. त्यांच्या धुळ्याच्या घरी त्यांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, पापड ठेवायचं कपाट या कागदांसाठी रिकामं करून दिलं होतं. मनापासून दिलं होतं असं मात्र काकू कधी म्हणाल्या नाहीत.

सरांच्या पांढऱ्या ॲप्रनवर तपकिरी डाग असत. नवीन विद्यार्थ्यांना ते औषधाचे वाटत. खरं म्हणजे ते केळीचे होते. हाडाची जाळी शिकवायची म्हणून सर एकदा रावेरकडच्या एका विद्यार्थ्याच्या मळ्यातून केळीचा अख्खा खांब घेऊन आले. वर्गात टेबलावर आडवा ठेवला आणि करवतीनं कापला. आत किती सुंदर कप्पे असतात ते आम्ही खान्देशातली मुलं असूनही कधी नीट पाहिलं नव्हतं. पातळ पडदे, मध्ये मोकळ्या जागा, आणि तरीही एवढा घड पेलणारं झाड. "वजन कमी, ताकद पुरेशी," सर म्हणाले. "हाडानं हेच केलंय. आता बोट फिरवा. पडदे कुठल्या दिशेनं गेलेत? ज्या दिशेनं भार येतो त्या दिशेनं." शिपाई दारात उभा राहून टेबलावर पसरत चाललेला चीक बघत होता. तो म्हणाला, "सर, हा डाग आता मेल्यावरच निघंल." डाग टेबलावर राहिला आणि सरांच्या ॲप्रनवरही राहिला. परीक्षेला बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी त्याबद्दल विचारलं, तेव्हा सरांनी ॲप्रन पुढे करून त्यांना केळीचा खांब समजावून सांगितला. त्या वर्षी आमच्या तोंडी परीक्षा फार लवकर आटोपल्या.

पंगतीत सरांच्या समोर बसायला लोक घाबरत. ते माणसाचं चावणं बघायचे. थंडीत कॉलेजची भरीत पार्टी व्हायची. मळ्यात कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात, आणि सगळे मांडी घालून ओळीनं. त्या वर्षी सरांच्या समोर संस्थेचे अध्यक्ष बसले होते. वजनदार माणूस. सरांनी त्यांची अर्धी भाकरी होईपर्यंत बघितलं आणि सरळ म्हणाले, "साहेब, तुमचा डावा जबडा बसून पगार खातोय."

ओळीतले घास थांबले. प्राचार्यांनी भरताचं पातेलं पुढे सरकवून विषय बदलायचा प्रयत्न केला. अध्यक्ष मात्र विचारात पडले. म्हणाले, "खरंय. त्या बाजूनं चावतच नाही मी. कधीपासून, तेही आठवत नाही."

"फोटो काढून घ्या," सर म्हणाले आणि पुन्हा भाकरी मोडली.

खेड्यातले लोक एक्स-रेला फोटो म्हणत आणि सरही तोच शब्द वापरत. पुढच्या आठवड्यात अध्यक्ष फोटो काढायला आले. डाव्या बाजूला हाडाची जाळी विरळ झाली होती आणि तिच्यात कधीकाळी काढलेल्या दाढेचं मूळ तुटून तसंच राहिलं होतं. ते काढलं. महिन्याभरानं अध्यक्ष डाव्या बाजूनं शेंगदाणे चावत प्राचार्यांच्या खोलीत शिरले आणि त्यांनी विचारलं, "त्या केळीवाल्या सरांना काय पाहिजे?" सरांना एक एक्स-रे मशीन पाहिजे होतं, ते तोंडाभोवती फिरायचं आणि एका लांब फिल्मवर इकडच्या कानापासून तिकडच्या कानापर्यंत पूर्ण जबडा दाखवायचं. तेव्हा आमच्या भागात ते कुणाकडे नव्हतं. ते आलं. पेटी उघडताना सरांनी हळदकुंकू वाहू दिलं, पण नारळ आपल्या हातानं बाहेर ओट्यावर नेऊन फोडला. मशीनला हादरा नको म्हणून.

एका फोटोवर त्यांचा विश्वास नसे. "एका भेटीत माणूस कळत नाही, जबडा कसा कळेल? दोन फोटो काढा, एकावर एक ठेवा आणि काय सरकलं ते बघा." पण दोन फोटो एकावर एक बसायचे तर माणूस दोन्ही वेळा तसाच उभा राहायला हवा. म्हणून सर प्रत्येक पेशंटला मेणाच्या मऊ पट्टीवर चावायला लावत. ती पट्टी साबणाच्या डबीत ठेवत आणि पुढच्या वेळी तीच पुन्हा तोंडात देत. दात आपल्या जुन्या खड्ड्यांत बसले की जबडा पहिल्यासारखा जागेवर येई. दुसरी गोष्ट ॲल्युमिनियमची. भांडी करणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी बोटाएवढी एक पायऱ्यांची पट्टी करून घेतली होती, एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला जाड. ती फिल्मच्या खोक्याच्या कोपऱ्यावर कायमची चिकटवलेली. म्हणजे प्रत्येक फोटोत जबडा यायचा आणि कोपऱ्यात या पायऱ्याही यायच्या. "जबडा बदलतो, ॲल्युमिनियम बदलत नाही. ते साक्षीदार." बाकीचे प्राध्यापक या पायऱ्यांना सरांचं खेळणं म्हणत.

आणि तिसरी गोष्ट बर्फ. फिल्म ज्या पाण्यात धुऊन उमटवतात ते गार लागतं. जळगावचा उन्हाळा तर तुम्हाला माहीतच आहे. अंधाऱ्या खोलीतल्या टाकीभोवती सरांनी ओल्या पोत्याचा वेढा घातला होता आणि आमचे टेक्निशियन रोज सकाळी कारखान्यातून बर्फाची लादी आणून टाकीच्या बाहेरच्या पाण्यात सोडत. लादी आली नाही की त्या दिवशी सर फोटो काढत नसत. दुखणाऱ्या दाढेला गोळी देऊन उद्या बोलवत. "पाणी तापलं की चांगलं हाड विरघळतं," असं ते म्हणत आणि पेशंट दचकून गालाला हात लावत.

मी इंटर्नशिप करत होते त्या हिवाळ्यात आबा माझ्याकडे आले. दाढ तुटली होती. दोंडाईच्याहून सकाळच्या गाडीनं आले, सोबत सरांसाठी घरच्या मिरच्यांची पिशवी. सरांनी नव्या मशीनवर त्यांचा पूर्ण जबडा घेतला. ओली फिल्म खिडकीत धरली तेव्हा आबा म्हणाले, "हाई मनं तोंड शे? हाई ते बठ्ठं हसी राहिनं." पूर्ण जबड्याचा फोटो सगळे दात काढून हसल्यासारखाच दिसतो.

"आबा, तुमना जबडा भारी शे," सर त्यांच्याच बोलीत म्हणाले. खालची कड त्यांनी नखानं दाखवली. "असी कड मी कमी दखी."

मला मात्र दुसरंच काही दिसत होतं. उजव्या बाजूला, जबडा जिथं वळतो त्याच्या जरा पुढे, हाडात एक काळा लांबट गोल होता. बोराएवढा. पुस्तकात अशा काळ्या गोलांची चित्रं असतात आणि त्यांच्याखालची नावं कुणाला आपल्या वडिलांच्या संदर्भात वाचावीशी वाटत नाहीत.

दाढ काढायला आबांना सर्जरी विभागात नेलं तेव्हा तिथल्या सरांनीही तो गोल पाहिला. सर्जरीचे सर हुशार होते, त्यांचा हात हलका होता आणि माझ्याशी नेहमी मायेनं वागत. ते म्हणाले, "तुझे वडील आहेत म्हणून स्पष्ट सांगतो. ही गाठ असू शकते, पाण्याची किंवा वाईट. उघडून काढावी लागेल. नळी जवळ आहे, तिच्यातली शीर दुखावली तर उजवा ओठ बधिर राहील. हाड फारच पोकळ निघालं तर तुकडाही काढावा लागेल."

आबांनी शांतपणे विचारलं, "ओठ बधिर व्हयना म्हंजे?"

"म्हणजे जगायला काही अडचण नाही, बाबा. बोलताना थोडे शब्द सांडतील."

आबा माझ्याकडे वळले. "मना तोंडमाईन आकडा नीट निंघना नही, ते बाजारमा मना काय काम?" पुकारलेला आकडा एकदा चुकीचा ऐकू गेला की ढिगाभोवती भांडण उभं राहतं. आबांना ते कुणी समजावून सांगायला नको होतं.

आमचे सर तोपर्यंत फिल्म घेऊन खिडकीशीच होते. ते तिथूनच म्हणाले, "हा कोनाडा आहे."

कोनाडा म्हणजे काय ते त्यांनी समजावलं. काही माणसांच्या जबड्याला आतल्या अंगानं खोलगट जागा असते आणि तिच्यात लाळेची ग्रंथी आरामात टेकून बसते. फोटोत ती जागा काळी दिसते. "आजार आला की तो ढकलाढकली करतो. नळीला वर ढकलेल, जाळीचे पडदे वाकवेल, कड फुगवेल. इथं बघा. नळी आपल्या वाटेनं सरळ चालली आहे, कोनाडा तिच्या खाली आहे. जाळी जागेवर, कड जागेवर. कुणी कुणाला धक्का दिलेला नाही. भिंतीत कोनाडा दिसला म्हणून कुणी भिंत पाडत नाही."

"आणि तुमचा अंदाज चुकला तर?" सर्जरीच्या सरांनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता.

"तर तो वाढेल. म्हणून उन्हाळ्याच्या आत पुन्हा फोटो काढू. कोनाडा वाढत नाही."

दोघांनी आबांकडे बघितलं. आबांनी बाजारात शिकलेला प्रश्न विचारला. "साहेब, तुमना बाप राहता ते तुम्ही काय करतात?"

सर क्षणभरही थांबले नाहीत. "वाट दखतू."

आबांनी मान हलवली. मेणाच्या पट्टीवर त्यांच्या दातांचे खड्डे उमटले होतेच, ती साबणाच्या डबीत गेली आणि आबा संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

उन्हाळ्याच्या आत फोटो काढायचं राहून गेलं. फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे मिरचीचा भर, आबांना बाजार सोडता येईना. ते आले मे महिन्यात. सर सुटीवर धुळ्याला होते, टेक्निशियन पुतणीच्या लग्नाला गेले होते. सर्जरीच्या सरांनी त्यांच्या विभागातल्या मुलाकडून फोटो काढवला. मी फक्त एक केलं. साबणाची डबी शोधून मेणाची पट्टी आबांच्या तोंडात दिली आणि खोका तोच, कोपऱ्यात पायऱ्या असलेला, लावायला सांगितला. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, ते खेळणं कशाला?" मी म्हटलं, असू द्या.

फिल्म उमटली आणि मी ती खिडकीत धरली. गोल मोठा झाला होता. त्याची कडा पुसट झाली होती आणि आजूबाजूची जाळीही खाल्ल्यासारखी विरळ दिसत होती. सर्जरीच्या सरांनी दोन्ही फिल्म शेजारी धरल्या आणि हलक्या आवाजात म्हणाले, "वाढलंय. आता वाट पाहणं बरोबर नाही. सोमवारी घेऊ." त्यांनी आबांना लगेच भरती करून घेतलं. आबा कॉटवर बसले. वॉर्डातल्या पंख्याकडे बघत त्यांनी एकदा अगदी हळू आवाजात एक भाव पुकारून पाहिला. बहुतेक त्यांना वाटलं कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही फिल्म एका लिफाफ्यात घालून धुळ्याची एसटी पकडली.

सरांचं घर मला कपड्यांच्या दोरीवरून सापडलं. तिच्यावर चिमट्यांनी फिल्म लटकत होत्या, मध्येच एखादा टॉवेल. काकूंनी पन्हं दिलं. सर अंगणात आले, माझ्या कानाखाली बघितलं आणि मी बोलायच्या आधीच म्हणाले, "तुम्ही रडलेल्या दिसता. दात दाबून धरलेत." मग नवी फिल्म घेतली आणि आभाळासमोर धरली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी खिशातून एक पोस्टकार्ड काढलं आणि फिल्मवरचा सगळा जबडा झाकून टाकला. फक्त कोपऱ्यातल्या पायऱ्या उघड्या ठेवल्या.

"सर, गोल..."

"जबडा नंतर. आधी साक्षीदार. जुन्या फोटोत सगळ्यात पातळ पायरी दिसते?"

मी जुनी फिल्म वर धरली. "दिसते."

"आणि या फोटोत?"

मी पुन्हा पुन्हा बघितलं. जिथं पातळ पायरी असायला हवी होती तिथं नुसतं काळं होतं. तिच्या पुढची पायरीही धूसर झालेली. "नाही दिसत."

"कुठं गेली? ॲल्युमिनियमला गाठ झाली?" सरांनी कार्ड काढलं. "बर्फ आला होता का?"

बर्फ आणणारा लग्नाला गेला होता. ओलं पोतं वाळून कडक झालं होतं. टाकीतलं पाणी मे महिन्यातल्या जळगावचं पाणी होतं, आणि गरम पाण्यात फिल्म जास्तच काळी उमटते. ते सगळं मी रोज बघत होते, पण वडिलांचा फोटो हातात आला तेव्हा मला फक्त गोल दिसला होता. हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "साहजिक आहे. मुलगी आहात. म्हणून तर साक्षीदार ॲल्युमिनियमचा ठेवतात. त्याला कुणी वडील नसतात."

मला एकदम हलकं वाटलं आणि मी म्हटलं, "म्हणजे आबांना काही नाही."

"असं मी म्हटलेलं नाही," सर म्हणाले. "हा फोटो खोटं बोलतोय एवढंच ठरलं. खरं काय ते खरा फोटो सांगेल." मग आत वळून काकूंना म्हणाले, "अहो, माझा डबा भरा."

जळगावला उतरल्यावर सर कॉलेजकडे गेले नाहीत. आधी बर्फाच्या कारखान्यात गेले. आम्ही रिक्षातून आलो तेव्हा पोत्यात गुंडाळलेली लादी सरांच्या मांडीवर होती आणि केळीच्या डागांचा ॲप्रन गुडघ्यापर्यंत ओला झाला होता. वॉर्डात जाऊन ते सर्जरीच्या सरांना म्हणाले, "सोमवारी जरूर घ्या. फक्त आज दुपारी माझ्याबरोबर खिडकीशी उभे राहा."

टाकी गार व्हायला वेळ लागला. सर पाण्यातला थर्मामीटर बघत स्टुलावर बसून राहिले. आबांनी मेणाची पट्टी तोंडात धरली, मशीन त्यांच्या भोवती फिरलं, फिल्म धुतली, वाळवली. मग आम्ही सगळे खिडकीशी गेलो. सरांनी आधी पायऱ्या जुळवल्या. पातळ पायरी परत आली होती. मग त्यांनी नवी फिल्म हिवाळ्यातल्या फिल्मवर ठेवली आणि हळूहळू सरकवली. दाढा दाढांवर बसल्या. नळी नळीवर बसली. खालची कड कडेवर बसली. आणि काळा गोल काळ्या गोलावर असा बसला की दोन फिल्म आहेत हे सांगून पटलं नसतं.

सर्जरीच्या सरांनी फिल्म स्वतःच्या हातात घेतल्या, दूर धरल्या, जवळ धरल्या, वेगळ्या करून पुन्हा जुळवल्या. कालची काळी फिल्मही एकदा तिच्याशेजारी धरून पाहिली. मग ते म्हणाले, "कोनाडाच आहे." आणि आबांना म्हणाले, "बाबा, घरी जा. तुमचा बाजार तुमची वाट बघत असेल. पण दर वर्षी फोटो काढायचा."

"दर वर्षी," आमचे सर म्हणाले. "थंडीत."

त्या दिवसानंतर सर्जरी विभागात कुणी त्या पायऱ्यांना खेळणं म्हटलं नाही. त्यांच्या खोक्यावरही तशीच एक पट्टी आली आणि टेक्निशियन सुटीवर असले की बर्फाची आठवण सर्जरीचे सर स्वतः करून देऊ लागले.

पुढच्या हंगामात सर दोंडाईच्याला आले. आबांनी बोलावलं होतं. सरांना आबांचा जबडा कामावर असताना बघायचा होता. मी त्यांना बाजारात नेलं. मिरचीच्या लाल ढिगांमध्ये सर शिंकत उभे राहिले, डोळ्यांतून पाणी, नाकाला रुमाल. आबा ढिगामागून ढीग पुकारत येत होते. सर अगदी जवळ गेले आणि व्यापाऱ्यांच्या खांद्यावरून त्यांची खालची कड बघायला लागले. आबांनी एका ढिगावर "एक बार" म्हटलं, "दोन बार" म्हटलं, आणि सर मला दाखवायला म्हणून बोट वर करून म्हणाले, "बघा, भार कसा सरळ कडेवर येतो."

"तीन बार," आबा म्हणाले. "ढीग साहेबना."

घोळका वळून बघायला लागला. एका व्यापाऱ्यानं विचारलं, "साहेब, लायसन कोठे शे?" सर म्हणाले, "कसलं लायसन? मी जबडा दाखवत होतो." आबा चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाले, "बोट उचलं ते उचलं." मग जो हसला त्याला खकाणा लागला आणि सगळा बाजार एकदमच खोकायला लागला. ढीग अर्थात ज्या व्यापाऱ्याची बोली होती त्यालाच गेला, पण त्यानं त्यातली एक लहान गोणी सरांसाठी बाजूला काढली.

संध्याकाळी मी सरांना धुळ्याच्या बसला बसवायला गेले. गोणी त्यांच्या पायाशी होती आणि ते अजून शिंकत होते. स्टँडवर गर्दी होती. बाजार उठल्यावर आबा हातपाय धुऊन, टोपी बदलून निरोप द्यायला आले आणि खिडकीखाली उभे राहून हसले. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या दुसऱ्याच एका टोपीवाल्या माणसाकडे पाहून नमस्कार केला. मग पुन्हा आबांकडे वळून, गोंधळून, खिडकीतून वाकून म्हणाले, "अहो, काहीतरी बोला."

आबांनी एक श्वास घेतला आणि दहा ढीग ओलांडून जाईल अशा आवाजात हाक दिली, "धुळं, धुळं, धुळं!"

सगळा स्टँड वळला. पलीकडच्या हॉटेलात चहा पिणारी दोन माणसं पेले टाकून धावत येऊन बसमध्ये चढली. कंडक्टर दारातून म्हणाला, "आबा, मना पगार तुमलेच देतस आते."

सरांचा चेहरा उजळला. "हां," ते म्हणाले. "कोनाडेवाले."